काकाने राहावं म्हणून

सकाळी मी पोहे परतत असायचे, नवरा डबा भरत असायचा आणि त्याचा फोन वाजायचा. फोन बघून तो म्हणायचा, "आला." कोण आला हे मी विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं. सिंगापूरच्या बिशानमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सकाळचे साडेसात होतात तेव्हा अमेरिकेच्या मधल्या भागात आदल्या दिवशीची तिन्हीसांज असते, आणि तिन्हीसांजेला हरणं चरायला निघतात. रात्री आम्ही जेवायला बसलो की तिकडे उजाडायचं आणि ती परत झाडीत जायची. माझी पोळी तव्यावर फुगलेली असली तरी नवरा फोनमध्ये. एखादी बाई भेटली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. हरणाशी काय भांडणार?

जमीन आमची होती. सिंगापूरला येण्याआधी आम्ही अमेरिकेत होतो. तिथे त्याच्या ऑफिसातला एक म्हातारा इंजिनिअर निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला निघाला होता आणि त्याला आपली चाळीस एकर रानाची जमीन विकायची होती. कोथरूडच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला चाळीस एकर म्हटलं की भोवळ येते. त्याने मला दाखवायच्याही आधी ती घेऊन टाकली. मग ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून राहून आमचा व्हिसा संपला, रांग काही संपली नाही. त्या देशाने आम्हाला ठेवून घेतलं नाही, पण आम्ही जमीन ठेवून घ्यायला त्याची काही हरकत नव्हती. सिंगापुरात आल्यावर इथेही कायम राहण्यासाठी दोनदा अर्ज करून झाला. दोन्ही वेळा अतिशय सभ्य भाषेत नकार आला. आता नोकरीपुरत्या मिळणाऱ्या पासवर राहतो. पास नोकरीवर, आणि नोकरी आंग मो किओतल्या कंपनीच्या मर्जीवर.

अशा माणसाने कुणाला तरी कायमचं ठेवून घ्यायचं मनावर घेतलं, यात नवल नाही. फक्त तो कुणीतरी चार पायांचा निघाला.

पांढऱ्या शेपटीचा नर हरिण वयात येऊन म्हातारा होईपर्यंत एका जागी टिकवणं ही तिकडे मोठी विद्या समजतात. नवऱ्याने ती व्हिडिओ बघून मिळवली. त्याचं सार मला झोपेतही म्हणता येईल. नराला खायला हवं, लपायला हवं आणि माणूस दिसता कामा नये, माणसाचा वास तर मुळीच येता कामा नये. म्हणून ट्रॅक्टरवाल्याला फोन करून रानातल्या मोकळ्या तुकड्यांत क्लोव्हर नावाचं कोवळं गवत पेरून घेतलं. सफरचंदाची झाडं लावली. मोठी झाडं बुंध्याशी अर्धवट कापून आडवी पाडली, म्हणजे ती जगतातही आणि खाली दाट जाळी होते. झाडांना कॅमेरे बांधले. समोरून काही गेलं की ते फोटो काढून थेट बिशानला पाठवायचे. आणि जमिनीच्या मधोमधचा भाग त्याने पूर्ण बंद केला. तिथे कुणी, अगदी मालकानेसुद्धा, पाऊल टाकायचं नाही. त्याला तो गाभारा म्हणायचा. मालक अर्ध्या पृथ्वीपलीकडे असल्यामुळे हा नियम तंतोतंत पाळला जात होता.

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी ऑफिसात पुष्कळ पाहिली आहेत. पण त्यांना निदान शेळ्या हाकायच्या असतात. आमच्याकडे हाकायचंही नव्हतं, नुसतं तिथेच बसवायचं होतं.

यातली खरी गंमत पुढेच आहे. त्याचे ते सगळे व्हिडिओ शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी केलेले. खायला घाला, लपायला जागा द्या, पाच-सहा वर्षं थांबा, शिंगं भरू द्या, आणि मग गोळी घाला. प्रत्येक व्हिडिओचा शेवट एकच, मेलेल्या हरणाची शिंगं धरून हसणारा माणूस. आमचा माणूस केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारतो. तो शेवटची पाच मिनिटं बघतच नसे. हसणारा माणूस यायच्या आत बंद. मी त्याला एकदा म्हटलं की तू पाककृतीच्या पुस्तकातून कोंबड्या पाळायला शिकतो आहेस. त्यावर त्याने वाऱ्याच्या दिशेबद्दल काहीतरी सांगितलं.

सिंगापुरातच सेंगकांगला कुणा मराठी माणसाकडे सत्यनारायण असला की तीर्थप्रसादाआधीच हा कुणाला तरी कोपऱ्यात गाठायचा. मुलांच्या ट्यूशनबद्दल बोलायला आलेला माणूस दोन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या नरात मानेच्या जाडीवरून फरक कसा ओळखावा हे ऐकून घरी जायचा. बिशानच्या पार्कात पाणमांजरं बघायला सकाळी लोक हातभर लांब लेन्स घेऊन उभे असतात. हा त्यांच्यापुढे नाक मुरडायचा. पाणमांजरं काय, कुणालाही दिसतात म्हणे. याला जे दिसायचं ते रात्रीचं, काळं-पांढरं आणि बहुतेक वेळा पार्श्वभाग.

पण काका मात्र मलाही ओळखू यायचा. डावं शिंग टोकाशी आत वळलेलं, उजव्या कानाला चीर. पहिल्यांदा आला तेव्हा दोन वर्षांचं पोरच होतं ते. मुलगी तेव्हा लहान होती, तिनेच नाव ठेवलं. एका फोटोत तो मान वर करून कॅमेऱ्याकडे असा बघत होता की आमच्या सोसायटीतले, पुण्यातले, नो पार्किंगची पाटी वाचायला लावणारे एक काका मला आठवले; मी ते बोलले आणि तिने नाव उचललं. दरवर्षी शिंगं गळायची, दरवर्षी नवी यायची, डावं पुन्हा आत वळायचं. चार वर्षं तो त्या गाभाऱ्यात राहिला आणि सहा वर्षांचा झाला. हरणात हे म्हातारपण. नवऱ्याच्या ऑफिसात त्याच काळात पन्नाशीच्या पुढच्यांना एकेक करून केक कापून निरोप दिले जात होते. घरी येऊन तो सांगायचा की म्हातारा नर हीच रानाची खरी संपत्ती, हे कळायला अक्कल लागते. कुणाला अक्कल लागते ते सांगायचा नाही.

अडचण होती ती शेजाऱ्याची. कुंपणापलीकडे एक शेतकरी राहायचा, चांगला माणूस, पण शिकारी. आमच्या गवतावर वाढायचं आणि त्याच्या हद्दीत मरायचं, असं व्हायला वेळ लागत नाही. आयत्या बिळावर नागोबा. म्हणून नवऱ्याने त्याला लांबलचक ईमेल लिहून पटवलं की लहान नर मारू नयेत, त्यांना मोठं होऊ द्यावं. शेजाऱ्याला ते फार पटलं. त्याने शब्द दिला आणि पाळला. काका दोनाचा, तीनाचा, चाराचा, पाचाचा असताना त्याच्या बंदुकीसमोरून गेला आणि त्याने सोडला. हे ऐकून नवरा दोन दिवस हवेत होता. शेजारी सोडत नव्हता, मुरवत होता, हे मी म्हटलं तर मला निराशावादी ठरवलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात काका कुंपणाजवळच्या कॅमेऱ्यात दिसायला लागला. एकदा, मग दुसऱ्यांदा. गाभाऱ्यातला कॅमेरा रिकामा. नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम सुरू होणार होता आणि काका आता शेजाऱ्याच्या हिशोबानेही पुरेसा म्हातारा झाला होता. हा हंगाम काकाने काढला तर काढला. नवऱ्याची भूक गेली. मी थट्टा करायची ती करतच होते, पण सकाळी फोन वाजला की आता मीच आधी विचारायला लागले होते, कुठल्या कॅमेऱ्यात?

अशात सेंगकांगच्या एका मित्राने त्याच्या डोक्यात भुंगा सोडला. जमीन घेतल्यावर पूजा केली होतीस का? नारळ फोडला होतास? नव्हता. मग काही टिकेल कसं, मित्र म्हणाला. ना तिकडचं कार्ड, ना इकडचं. जमीनच कोरडी. एरवी माझा नवरा राहूकाळ म्हणजे काय हे विचारणारा माणूस. पण रात्री वरणभात कालवत तो मला म्हणाला की करायला हरकत काय आहे, नुकसान तर काही नाही.

दीपावलीची सुट्टी, तिला जोडून रजा, आणि मुलीची परीक्षा संपलेली. आम्ही तिघं विमानात बसलो. सामानात लाडू, धूप, कापूर, आणि वास न येणारा साबण. कारण रानात जायचं तर अंगाला वास नको. चकल्यांचा डबा त्याने विमानतळावरच मला मागे ठेवायला लावला होता, तेलाचा वास कपड्यांना लागतो म्हणून. धूप मात्र चालतो, तो धार्मिक असतो.

पूजा पाडव्याला ठरली. पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर सांगणार होते. कॅमेरे तिथूनच फोटो पाठवायचे, तेव्हा फोनची रेंज होतीच, उलट आमच्या फ्लॅटपेक्षा बरी. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ यायची. बंदुकीचा हंगाम चालू, तेव्हा गोळी लागू नये म्हणून भडक नारिंगी जाकिटं घालावी लागली. सोवळ्याऐवजी ती. गाभाऱ्याच्या कडेला क्लोव्हरच्या तुकड्यात नवऱ्याने पाट म्हणून एक फळी ठेवली. मग खिशातून टाल्कम पावडरची डबी काढून चिमूटभर हवेत सोडली. वारा बघायची ही त्याची पद्धत. बिशानला गॅलरीत तो तिचा सराव करायचा आणि खालच्या मजल्यावरची बाई तक्रार करायची.

पावडर सरळ गाभाऱ्याकडे गेली.

त्याने पुन्हा सोडली. पुन्हा तिकडेच. तिघांनीही बघितलं. मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, द विंड इज गोइंग इनसाइड लाह." तिला हे सगळं त्यानेच शिकवलेलं होतं. मी म्हटलं की पाडवा आहे, साडेतीन मुहूर्तांतला, आजच्या दिवसाला वेगळा मुहूर्त लागत नाही, दुपारी वारा फिरला की कर. या माणसाने वाऱ्याचं कारण देऊन ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवलेलं मी पाहिलं होतं. तेवढ्यात फोनवर गुरुजी उगवले. त्यांना अर्ध्या तासाने न्यू जर्सीचे यजमान होते. नवरा गुरुजींना वाऱ्याबद्दल सांगायला लागला. गुरुजी म्हणाले की वायुदेवतेचंही आवाहन आहे, काळजी नको, बसून घ्या.

तो बसला. पुण्याचा मुलगा गुरुजींना थांबा म्हणू शकत नाही, हे मला लग्नातच कळलं होतं.

गुरुजींना आधी नारळ आवडला नाही, कारण त्याला शेंडी नव्हती. अमेरिकेतल्या दुकानातले नारळ भादरलेलेच असतात. मग धूप लावला. गुरुजी म्हणाले, मला धूर दिसत नाहीये. नवऱ्याने अजून धूप घातला. अजूनही नीट दिसत नाही म्हणाले. शेवटी कापराच्या सगळ्या वड्या ओतल्या तेव्हा पुण्याला धूर दिसला. त्याआधी तो गाभाऱ्यात पोहोचला होता. मग नारळ. दगडावर पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्याला असा आवाज झाला की झाडावरचे पक्षी उठले.

आणि जाळीतून काका उठला.

आमच्यापासून फार तर तीन बसगाड्या उभ्या राहतील एवढ्या अंतरावर. म्हणजे तो कुंपणाजवळ नव्हताच. तो परत आला होता, आपल्या जागी झोपला होता. त्याने एकदा आमच्याकडे मान वळवली, वळलेलं शिंग स्पष्ट दिसलं. मग शेपटी वर झाली, पांढरीशुभ्र, आणि उड्या मारत तो वाऱ्याच्या पुढे पळाला. चार वर्षं ज्याच्यासाठी जेवणं थंड झाली त्याला माझ्या नवऱ्याने डोळ्यांनी बघितला तो एवढाच, आणि बहुतेक पाठमोरा. तो अर्धवट उभा राहिला होता, हातात नारळाची वाटी.

कुंपणापलीकडून एक बार ऐकू आला. एकच.

"अरे वा," गुरुजी फोनमधून म्हणाले. "फटाकेही आणलेत."

आम्ही तिघंही कुंपणाकडे वळलो. गुरुजींना वाटलं नेटवर्क गेलं. त्यांनी दोनदा हॅलो केलं आणि मग पुढे सांगितलं की आता हात जोडा आणि म्हणा, स्थिरो भव. माझा नवरा खाली बसला, हात जोडले आणि म्हणाला. मला गुरुजींचा राग आला, शेजाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त याचा आला, की म्हणतोस कशाला, फोन ठेव ना. पण त्याने शेवटपर्यंत सगळं म्हटलं. आरतीसुद्धा केली.

संध्याकाळी शेजाऱ्याने घरी बोलावलं. अंगणात काका टांगलेला होता. शेजारी लाल झालेला, आनंदाने. त्याने टोपी काढली आणि माझ्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याला वाटत होतं की हे आम्ही त्याच्यासाठी केलं. तिकडेही आपल्यासारखा हाका घालतात, एकाने रानात शिरून जनावर उठवायचं आणि दुसऱ्याने पुढे बंदूक घेऊन थांबायचं. इतका सुरेख हाका मी जन्मात पाहिला नाही, तो म्हणाला. वारा पाठीशी घेतलात, धूर केलात, एवढ्या लांबून आलात. आणि तुम्ही सांगितलं म्हणूनच मी इतकी वर्षं थांबलो. त्या धुराला वास काय छान होता, त्यात काय घालता हेही त्याने विचारलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. या विषयावर तो अनोळखी माणसाला लिफ्टमध्ये गाठून बोलतो. आता तो गैरसमज दूर करणार, गाभाऱ्यापासून सुरुवात करणार, आणि आपण मोटेलवर पोहोचेपर्यंत अंधार पडणार, अशी मी तयारी केली. त्याने वळलेल्या शिंगावरून हात फिरवला. मग चिरलेल्या कानावरून. शेजाऱ्याला म्हणाला की कापूर घालतो आम्ही, आणि अभिनंदन. शेजाऱ्याने कागदात गुंडाळलेलं मांस आणून दिलं, पाठीचा भाग, सगळ्यात मऊ, याच्यावर पहिला हक्क तुमचा म्हणाला. अंडं न खाणाऱ्या माझ्या नवऱ्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

गाडीत मागे मुलगी रडत होती, आवाज न करता. पुडकं नवऱ्याच्या पायाशी होतं. गाडी मी चालवत होते. मी विचारलं की खरं का नाही सांगितलंस त्याला.

"सांगून काय करू?" तो म्हणाला. "त्यालाही वाईट वाटलं असतं. दोघांना कशाला, एकाला पुरे."

"एकाला नाही," मी म्हटलं. "मलाही वाटतंय."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पुढे काहीतरी टोमणा मारणार म्हणून तो थांबला होता, इतक्या वर्षांची सवय. मला पुढे काही बोलायचं नव्हतं.